आधी रुंदी, मग नक्षी : लांबच्या सायकल सफरीचे टायर

वाचकांचे प्रश्न : सायकल

पाऊस ओसरला की कोल्हापुरातून कोकणात किंवा आजरा-आंबोलीकडे सायकलवर सामान बांधून निघणाऱ्यांची पत्रं येऊ लागतात. यंदा बहुतेकांनी टायरबद्दलच विचारलं आहे. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : डिसेंबरमध्ये आम्ही तिघे गगनबावडा, भुईबावडा घाट, वैभववाडी, कणकवली, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, आंबोली, आजरा, गारगोटी अशी फेरी करून परत कोल्हापूरला येणार आहोत. डांबरी रस्ता जास्त आहे, पण मधे कच्च्या वाटा आणि खडी पसरून ठेवलेले पट्टेही लागतील. माझ्या ग्रॅव्हल सायकलला ७०० × ३८ चे टायर आहेत. माझं वजन ७४ किलो, सामान ११ किलो. दुकानात बटन टायर घ्या म्हणतात. घेऊ का?
— राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : बटन टायर, म्हणजे मोठ्या, उठावदार दात्यांचे टायर नकोत. तुमच्या फ्रेममध्ये मावत असतील तर ४५ मिमी रुंदीचे, मधोमध जवळजवळ सपाट आणि कडांना बारीक दाते असलेले टायर घ्या.

टायर घेताना नजर आधी नक्षीवर जाते, कारण दुकानात भिंतीला टांगलेल्या टायरची तीच बाजू दिसते. पण कच्च्या रस्त्यावर आराम, पकड आणि पंक्चर या तिन्ही गोष्टी सर्वांत जास्त ठरतात त्या टायरच्या रुंदीवर. ३८ ऐवजी ४५ मिमी घेतला की तेवढंच वजन साधारण ८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी हवेवर वाहता येतं. कमी हवेचा टायर दगडावर आपटून उडण्याऐवजी त्याच्यावर दबतो. त्यामुळे चाक जमिनीला धरून राहतं, मनगटं भरून येत नाहीत आणि बॅगांचे पट्टेही सारखे सैल होत नाहीत. डांबरी रस्त्यावर रुंद टायर जड चालतो अशी भीती असते. चांगल्या, लवचिक कापडाचा टायर असेल तर सामान लादलेल्या सायकलीच्या वेगाला हा फरक नगण्य आहे. बटन टायर मात्र डांबरावर दिवसभर घुंई करत पाय ओढतो, आणि तुमच्या फेरीत डांबरच जास्त आहे.

रुंदीनंतर बघायची गोष्ट साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू. आपल्याकडे रस्त्यावर टाकतात ती खडी काळ्या बेसाल्टची. क्रशरमधून नुकती आलेली असली की तिला धार असते, आणि ती टायरच्या माथ्याला फारशी इजा करत नाही, बाजूला चिरते. म्हणून अगदी हलके, शर्यतीचे टायर या सफरीला नकोत. साइडवॉलला संरक्षक कापडाचा थर असलेला, ४५ मिमीमध्ये ५०० ते ६०० ग्रॅमच्या आसपास वजन असलेला टायर योग्य.

नक्षी सर्वांत शेवटी. गगनबावड्याकडच्या आणि आजरा-आंबोलीकडच्या जांभ्याच्या वाटांवर डिसेंबरात टणक जमिनीवर लाल धुळीचा आणि बारीक खड्यांचा थर असतो. सरळ जाताना काही होत नाही, वळणावर चाक सरकतं. तिथे उपयोग कडेच्या दात्यांचा. मधली नक्षी खोल असून फायदा नाही.

आता तुमच्या सायकलमध्ये ४५ मावतो का, हे दुकानात जाण्याआधी घरीच बघा. चाक डगमगत असेल तर आधी आरे ओढून सरळ करून घ्या. मग मागच्या चाकाजवळ चेनस्टेच्या (पॅडलकडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांच्या) दोन्ही बाजूंना, वर सीटस्टेच्या (सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळ्यांच्या) जोडपट्टीखाली आणि पुढे फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) आत सगळ्यांत अरुंद जागा शोधून पट्टीने मोजा. टायरची खरी रुंदी धरून प्रत्येक बाजूला किमान ६ मिमी मोकळे राहायला हवेत. नवा टायर बसवल्यावर ६ चा ॲलन पाना फटीतून सगळीकडे सहज फिरला पाहिजे. मडगार्ड लावणार असाल तर आणखी जागा लागते. बहुतेक सायकलींत मागे कमी आणि पुढे जास्त जागा असते. तसं असेल तर पुढे ४५, मागे ४० बसवायला काहीच हरकत नाही.

यात एक फसगत होते. छापलेली रुंदी आणि खरी रुंदी एक नसते. रिमची आतली रुंदी २५ मिमी असेल तर ४५ चा टायर ४६-४७ भरू शकतो, १९ मिमीच्या रिमवर तोच ४३-४४ राहतो. शिवाय नवा टायर हवा भरल्यावर एक-दोन दिवसांत थोडा ताणतो. म्हणून बसवल्यावर दोन दिवसांनी पुन्हा मोजा.

नावंच हवी असतील तर मॅक्सिस रॅम्बलर ४५ किंवा पॅनारेसर ग्रॅव्हलकिंग एसके ४३ या जातीचे टायर या फेरीला चपखल बसतात. तुमच्या तिघांपैकी कुणी महिनोन्महिन्यांच्या प्रवासाचा विचार करत असेल तर श्वाल्बेचा मॅरेथॉन मोंडियल ४० बघावा. जड आहे, पण टिकाऊ. मॅरेथॉन प्लसमध्ये ५ मिमी जाडीचा रबरी पट्टा असल्याने काट्याचं भय जवळपास संपतं, मात्र एकेक टायर किलोच्या घरात जातो आणि कच्च्या रस्त्यावर टणक लागतो. नऊ-दहा दिवसांच्या फेरीसाठी आम्ही तो सुचवणार नाही.

प्रश्न : टायरवर ३५–७५ पीएसआय छापलं आहे. नाक्यावरचे पंक्चरवाले अंगठ्याने दाबून बघत ७० च्या वर नेतात. नेमकी किती भरावी?
— उचगाव

उत्तर : छापलेले आकडे या मर्यादा आहेत, सल्ला नव्हे. वरचा ओलांडायचा नाही, खालच्याच्या खाली जायचं नाही. योग्य हवा त्या दोहोंमध्ये तुमच्या वजनावर ठरते.

चालक, सायकल, सामान, पाणी मिळून १०० किलो धरा. आत ट्यूब असेल तर सुरुवात अशी करा : ३८ मिमीला पुढे ३८, मागे ४५. ४५ मिमीला पुढे ३०, मागे ३६. २.१ इंचाच्या टायरला पुढे २४, मागे २८. एकूण वजन १० किलोंनी कमी-जास्त झालं तर दोन-तीन पीएसआय इकडे-तिकडे. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूबच नसलेला टायर असेल तर आणखी तीनेक कमी. दिवसभर डांबरच असेल तर चार-पाच वाढवा. मागे जास्त भरायची कारण वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकावर येतो.

हे आकडे सुरुवातीचे आहेत. सामान बांधून, सफरीला निघाल्यासारखी सायकल तयार करा आणि ओळखीच्या खडबडीत रस्त्यावर दहा किलोमीटर चालवा. दगडावरून जाताना रिमचा टक् असा आवाज आला तर त्या चाकात दोन पीएसआय वाढवा. हात सुन्न होत असतील तर पुढच्यातून दोन सोडा. वळताना मागचा टायर लवल्यासारखा वाटला तर तिथे हवा कमी आहे.

पंक्चर झालेली ट्यूबही हवेबद्दल सांगते, म्हणून ती टाकू नका, आधी बघा. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि ट्यूब रिम-दगडात चेमटली. बाहेरच्या अंगाला एकच बारीक छिद्र म्हणजे काटा किंवा तार. आतल्या, रिमकडच्या अंगाला छिद्र असेल तर रिम टेप (रिमच्या आतली भोकं झाकणारी पट्टी) सरकली आहे, नवी ट्यूब घालण्याआधी टेप नीट करा, नाहीतर तीही जाईल. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली असेल तर पंप मारताना व्हॉल्व्ह वाकवला गेला आहे.

उन्हात सायकल उभी केल्यावर टायर टणक लागतो. आतली हवा २० अंशांनी तापली की दाब साधारण ४ पीएसआय चढतो. तेवढ्याने बिघडत नाही. हवा सकाळी, सावलीत मोजा, दुपारी सोडत बसू नका. घाट उतरताना मात्र रिम ब्रेक असलेल्यांनी जपावं. भुईबावड्यासारख्या उतारावर ब्रेक सतत धरून ठेवला तर रिम चटका बसेल इतकी तापते आणि ट्यूब फुटू शकते. पुढचा-मागचा ब्रेक आलटून-पालटून, थोडा वेळ दाबून पूर्ण सोडायचा. रिम तापल्यासारखी वाटली तर थांबायचं.

प्रवासात छोट्या पंपावर मीटर नसतो. घरी टायर रिकामा करा, त्याच पंपाने भरत जा आणि मोठ्या पंपाच्या मीटरवर हवा तो आकडा येईपर्यंत किती झटके लागले ते मोजा. पुढचे आणि मागचे झटके पंपावर मार्करने लिहून ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे शेताच्या कुंपणाला बाभळ आणि बांधावर सराटे. आठवड्याला एक पंक्चर ठरलेलं. ट्यूबलेस करून घेतलं तर सुटका होईल का? खेड्यात बिघडलं तर कोण दुरुस्त करणार?
— इचलकरंजी

उत्तर : सराट्यांवर आणि बाभळीच्या बारीक काट्यांवर ट्यूबलेससारखा उपाय नाही. रिम आणि टायर दोन्हींवर ट्यूबलेससाठी योग्य असं लिहिलेलं असेल तरच करा. साध्या टायरची कड ट्यूबशिवाय रिमवर धरून राहील याची खात्री नसते. रिम हुकलेस (टायर अडकवणारी आतली आकडी नसलेली) असेल तर त्या रिमला चालणारेच टायर घ्या, आणि ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय, कधीही ओलांडू नका.

काम निघण्याच्या दोन आठवडे आधी करा, आदल्या रात्री नको. रिम स्पिरिटने पुसून तेलकटपणा घालवा. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिमी रुंद हवी. ती ताणून, सुरकुती न पडू देता चिकटवा, टोकं दहा सेंटिमीटर एकमेकांवर येऊ द्या, पण व्हॉल्व्हच्या भोकावर जोड नको. भोक ब्लेडने कापू नका, तापवलेल्या सुईने पाडा, म्हणजे कडा फाटत जात नाही. व्हॉल्व्हची चकती हाताने घट्ट करा, पक्कड लावू नका. टायरची एक बाजू पूर्ण आणि दुसरी हातभर सोडून चढवा, सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारं द्रावण ओता, मग उरलेली चढवा. ४० ते ५० मिमीच्या टायरला ६० ते ९० मिली सीलंट, २.२ इंचाला १०० ते १२०. टायरच्या कडांना साबणाचं पाणी लावून, व्हॉल्व्हचा गाभा काढून कॉम्प्रेसरने एकदम हवा सोडा. कडा फट् फट् आवाज करत जागेवर बसतात. साइडवॉलवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका ठिकाणी ती आत गेलेली असेल तर तिथे टायर बसलेला नाही. गाभा परत लावून हवा भरा, चाक आडवं धरून दोन्ही अंगांनी हलवा आणि लगेच पाच-सहा किलोमीटर चालवा. पहिले दोन-तीन दिवस थोडी हवा उतरते, नंतर थांबायला हवी.

काटा दिसला तर उपटून छिद्र खाली येईल असं चाक फिरवा. सीलंट तिथे जमा होऊन काही क्षणांत भोक बंद होतं. खिळ्याने किंवा पत्र्याने पडलेलं मोठं भोक सीलंटला आवरत नाही, तिथे प्लगची दोरी सळईने आत खुपसायची. म्हणून दोऱ्या आणि सळई हाताशी येईल अशा कप्प्यात ठेवा. बॅगच्या तळाशी असली तर ती सापडेपर्यंत सगळं सीलंट रस्त्यावर सांडलेलं असतं.

खेड्यातल्या दुरुस्तीबद्दल तुमची शंका रास्त आहे. रस्त्याकडेची पंक्चरची दुकानं मोटारसायकल आणि साध्या सायकलीसाठी सज्ज असतात. सायकलचा टायर रिमवरून सुटला तर तिथे परत ट्यूबलेस बसेलच असं नाही. त्यामुळे ट्यूबलेस असूनही प्रत्येकाने एक ट्यूब जवळ ठेवायची. तशी वेळ आली तर व्हॉल्व्ह काढा, टायरच्या आतला प्रत्येक काटा हाताने चाचपून उपटा आणि मगच ट्यूब घाला. हे विसरलात तर महिनाभर साठलेले सगळे काटे एका झटक्यात ट्यूबमध्ये घुसतील.

दुसरी अडचण व्हॉल्व्हची. तुमच्या सायकलला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर मोटारसायकलच्या कॉम्प्रेसरचं तोंड त्याला बसत नाही. पितळी अडॅप्टर मिळतो, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. एक व्हॉल्व्हवरच चढवून ठेवा, एक पाकिटात. कॉम्प्रेसरने भरताना एकेक सेकंदच दाबा, सायकलच्या टायरमध्ये हवा डोळ्यादेखत चढते.

सीलंट वाळतं. आपल्या उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांनी, एरवी तीन महिन्यांनी बघून भर घाला.

प्रश्न : पुणे-बंगळूर महामार्गावर वारंवार पंक्चर होतं, पण टायरमध्ये काटा सापडत नाही. नवी ट्यूबही दोन दिवसांत जाते.
— कागल

उत्तर : तो काटा नाही, तार आहे. ट्रकचे टायर फुटले की त्यातल्या केसासारख्या बारीक पोलादी तारा महामार्गाच्या कडेला पडतात, आणि सायकल नेमकी तिथूनच जाते. तार बाहेरून दिसत नाही, नुसत्या बोटालाही नेहमी लागत नाही. टायर काढून आतून उलटा वाकवा आणि कापसाचा बोळा सावकाश फिरवा. कापूस अडकेल तिथे तार. चिमट्याने आतल्या बाजूनेच ओढा. ट्यूबवरचं छिद्र व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजून टायरवर तिथेच आधी शोधा. त्यासाठी टायर बसवताना त्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर ठेवायची सवय लावा.

प्रश्न : वाटेत साइडवॉल फाटली तर?
— गडहिंग्लज

उत्तर : ट्यूब बाहेर येण्याआधी थांबलात तर बहुतेक वेळा निभावतं. चीर एक सेंटिमीटरच्या आत असेल तर टायर आतून पुसून कोरडा करा आणि जुन्या टायरचा पातळ तुकडा चिरेच्या चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर जास्त राहील असा आतून ठेवा. कडा तिरप्या तासलेल्या हव्यात, नाहीतर तुकड्याची धारच ट्यूबला घासते. तुकडा रबर सोल्युशनने चिकटवा. काहीच नसेल तर टूथपेस्टच्या नळीचा तुकडा किंवा घडी घातलेली नोट चालते, पुढच्या गावापर्यंत. ट्यूब घाला आणि हवा नेहमीपेक्षा पाच-सहा पीएसआय कमी ठेवा. भरताना चिरेकडे लक्ष ठेवा. तिथे फुगवटा आला तर हवा सोडून तुकडा मोठा घ्या.

चीर त्याहून मोठी असेल तर आधी शिवायची. जाड सुई आणि मेण लावलेला नायलॉनचा दोरा, टाके चिरेच्या कडेपासून चार-पाच मिमी आत आणि एकमेकांना छेदणारे. वरून आतल्या अंगाला तुकडा, टाके झाकले जातील असा. चामड्याचं शिवणारा कारागीर वाटेत भेटला तर हे काम त्याच्याकडून करून घ्या. त्याचा टाका आपल्यापेक्षा कितीतरी पक्का बसतो. असा शिवलेला टायर मागे ठेवा, पुढे कधीच नाही. कड रिमवर धरणारी तारच तुटली असेल तर मात्र उपाय नाही, टायर बदलावाच लागेल.

प्रश्न : वडिलांची काळी, जुनी २८ इंची सायकल आहे. तिला ७०० चे चांगले टायर बसवून आंबोलीला जायचा विचार आहे.
— उत्तूर, ता. आजरा

उत्तर : बसणार नाहीत. २८ × १½ च्या रिमचा टायर बसतो तो व्यास ६३५ मिमी, ७०० चा ६२२. तेरा मिमीचा फरक ओढून-ताणून भरून निघत नाही. टायरवर ४०-६३५ असा आकडा शोधा. तो टायर गावोगावच्या सायकल दुकानांत मिळतो, हीच या सायकलीची मोठी जमेची बाजू. ४० मिमी रुंदी तुमच्या रस्त्याला पुरेशी आहे. टायरपेक्षा ब्रेककडे लक्ष द्या. लोखंडी रिमवर दांड्याचे ब्रेक ओल्यात फार कमी धरतात, धुक्याने भिजलेला आंबोली घाट उतरताना चालत जा.

प्रश्न : पावसाळ्यात शिरोळकडच्या शेतवाटांवर चिखलाने चाकच फिरेनासं होतं. कोणता टायर घ्यावा?
— जयसिंगपूर

उत्तर : ओल्या काळ्या मातीला कोणताही टायर पुरा पडत नाही. उलट अरुंद टायर लावून फ्रेममधली जागा वाढवली तर थोडं पुढे जाता येतं. ओढत नेऊ नका, गिअरचा हँगर (मागचा गिअर ज्याला टांगलेला असतो तो तुकडा) तुटतो. सायकल उचला, काटकीने माती काढा, डांबरी रस्ता गाठा.

प्रश्न : सफरीला जादा टायर न्यावा का? आणि मागचा झिजला की पुढचा मागे टाकावा का?
— शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : कोकणच्या फेरीला जादा टायर नको. दोन ट्यूब, पॅचचा डबा, टायरचा तुकडा, सुई-दोरा, दोन लिव्हर, चिमटा आणि पंप पुरे. रबर सोल्युशनची नळी एकदा उघडली की काही महिन्यांत आतून वाळते, म्हणून निघताना नवी घ्या. वजन वाचवायला टीपीयू या प्लास्टिकच्या पातळ ट्यूब नेणाऱ्यांनी त्यांचेच पॅच न्यावेत. साधं सोल्युशन त्यांना धरत नाही आणि पंक्चरवाल्यांचाही इलाज चालत नाही. त्यातल्या काही रिम ब्रेकला चालत नाहीत, वेष्टनावर बघून घ्या. महिनाभराच्या, दूरच्या प्रवासाला मात्र सगळ्यांत मिळून एक घडी होणारा टायर असावा.

मागचा टायर पुढच्यापेक्षा खूपच लवकर झिजतो. मधला माथा सपाट होऊन चौकोनी दिसू लागला किंवा आतलं कापड डोकावू लागलं की तो काढून टाका. त्या जागी पुढचा आणा आणि नवा पुढे बसवा, कारण पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळ मिळत नाही. बदलताना साइडवॉलवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघा. काही टायरवर पुढच्या चाकासाठी एक आणि मागच्यासाठी उलटा असे दोन बाण असतात. ही अदलाबदल निघण्याआधी किमान पन्नास किलोमीटर सामानासकट चालवता येतील इतक्या अगोदर करा.